दर सातवं घर

दोंडाईच्यात जानेवारीत मोजणीला येऊ नये,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या, वारा गावाकडे.
पहिल्याच दारात पाच शिंका
आणि कोऱ्या फॉर्मवर लाल अंगठा.

काम सोपं आहे, वळवी मॅडम म्हणाल्या होत्या.
यादीतलं दर सातवं घर.
दोन ते नऊ वयाचं मूल.
बावीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही.
"कधीकधी"ला रकाना नाही.

नावाने हाक मारली तर मूल वळून बघतं का?

"कोनतं नाव लिसनी?" गिरासे गल्लीतल्या आईने मलाच विचारलं.
दाखल्यावर दिग्विजय, घरात दिगू, आजीचा बापू.
आम्ही तिन्ही मारून पाहिल्या.
तो उंबऱ्यावर मिरचीचे देठ लावत होता,
सगळ्यांची तोंडं पश्चिमेला.
मग गल्लीच्या टोकाला काट्यावर पोतं आदळलं
आणि तो उठून तिकडे चालू लागला.
"त्याले समदं समजस," आई म्हणाली. "बोलस नही, इतलंच."
मी "नाही"वर खूण केली.
इतलंच.

स्टेशनामागे एक मुलगी, दाराआड,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.
"गुणी शे," काकू सांगत होती,
"कोनाशी बोलस नही, कोनाले तरास नही."
दिगूला दोन भगत आणि धुळ्याचा एक डॉक्टर दाखवून झालाय.
हिला अजून कुणी काही दाखवलं नाही.
मुलगा गप्प राहिला तर घर हलतं,
मुलगी गप्प राहिली तर पाहुण्यांना सांगतात.
बावीसपैकी सतरा प्रश्न काकूने कौतुकानेच उडवले.
शेरा या रकान्याची लांबी दोन बोटं.

आणि मग ते घर, सातवं. कुलूप.
माणसं बारडोलीकडे, ऊसतोडीला, मुलंबाळं घेऊन.
शेजारच्या सहाव्या घराच्या ओट्यावर मात्र
एक पोरगं कान दाबून डोलत होतं,
मी डोळ्यांनी पाहत होते.
फोन लावला. हे घर घेऊ का, मॅडम?
"दिसतं ते मोजायचं नसतं, बाई. निघतं ते मोजायचं."

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्यावर चिडून होते.
रात्री लॉजवर, पंख्याखाली,
फॉर्मांवर चप्पल ठेवून पडल्यावर कळलं:
दिसेल ते धरत गेले
तर देश माझ्या डोळ्यांएवढा होईल.
आणि माझ्या डोळ्यांना ती ओढणीवाली
दुसऱ्या खेपेला दिसली होती.

तरी ते कान दाबलेलं पोरगं झोपू देईना.
नियम बरोबर आहे आणि ते पोरगं आहे.

पुण्यात कुणीतरी माझ्या चारशे अकरा मुलांना देशाने गुणेल.
खालचा आकडा, वरचा आकडा, मध्ये एक टिंब.
पेपरात टिंब छापून येईल.
त्या दोन आकड्यांमधून
मिरचीच्या भरलेल्या गाड्या शेजारी शेजारी जातील,
हे कोण छापणार?
बारडोलीच्या फडात झोपलेल्यांचं टिंब कोण देणार?

निघायच्या दिवशी एस. टी. चुकली.
काट्यापाशी चहा घेत बसले.
जुना काटा, घड्याळासारख्या तबकडीचा.
पाच वाजता सुपडू हमालाने पोती थांबवली,
न सांगता बाजूला झाला,
आणि दिगू येऊन काट्यावर उभा राहिला.
काटा थरथरला.
त्याने हात वर केला: कुणी हलू नका.
हमाल, व्यापारी, मी, माझा चहा, सगळे थांबलो
सुई निवेपर्यंत.

"सतरा किलो आठशे!" सुपडू ओरडला,
रोज ओरडतो तसा.

आणि दिगूने वळून बघितलं.

मी पिशवीत खोडरबर शोधलं.
फॉर्म पेनाने भरायचा असतो.